डब्यांत डबा

आजच्या भाषणाचा विषय 'आभासी जाळीं आणि त्यांतील बोगदे' असा आहे. त्यांतला 'आभासी' हा शब्द मला फारसा पसंत नाहीं. मृगजळ आभासी असतें. त्यानें कोणाची तहान भागत नाहीं. परंतु ज्या जाळ्यांविषयीं मी बोलणार आहें त्यांवरून कचेऱ्यांचीं कामें चालतात, बँकांचे हिशेब जातात-येतात, आणि आपणांपैकीं जे श्रोते हें भाषण मोबाइलवर ऐकत असतील त्यांच्या कानीं माझा आवाजहि त्यांतूनच पडतो. अशा कामसू वस्तूला आभासी म्हणणें हा तिच्यावर अन्याय आहे. मी तिला 'जाळ्यावरचें जाळें' असें म्हणेन.

बोगदा हा शब्द मात्र ठेवण्यासारखा आहे. आम्हां बोरीवलीकरांच्या तो नित्य कानीं पडतो. २०२४ सालच्या जुलै महिन्यांत ज्या ठाणे-बोरीवली जोडबोगद्याचें भूमिपूजन झालें, त्याची सुमारें सव्वादहा किलोमीटर लांबी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटाखालून जावयाची आहे. अशा बोगद्याचा पहिला गुण सर्वांना दिसतो: घोडबंदरचा वळसा वांचतो. दुसरा गुण तितका दिसत नाहीं. बोगद्यांतून जाणाऱ्या मोटारीला वरच्या रानांतल्या बिबट्याची परवानगी घ्यावी लागत नाहीं, आणि मोटार गेली हें बिबट्याला कळतहि नाहीं. संगणकाच्या जाळ्यांतील बोगद्याला पहिला गुण मुळींच नसतो. त्यानें अंतर तिळभरहि कमी होत नाहीं. निरोप नेहमींच्याच रस्त्यानें जातो. त्याचा सगळा उपयोग दुसऱ्या गुणांत आहे. रस्त्यावरून काय जात आहे, कोणाकडून कोणाकडे जात आहे, हें रस्त्याला ठाऊक असण्याची गरज उरत नाहीं.

हें कसें साधतें तें पाहावयाचें असेल तर सकाळीं साडेनऊ-दहाच्या सुमारास एखाद्या उपनगरी स्टेशनाच्या फलाटावर उभें राहावें. डबेवाल्यांचा धंदा १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केला असें सांगतात. घरोघरचे डबे सायकलींवरून स्टेशनाशीं येतात. प्रत्येकाच्या झांकणावर रंगानें कांहीं अक्षरें व आंकडे काढलेले असतात. त्यांवरून डबा कोठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतींत आणि कितव्या मजल्यावर द्यावयाचा, हें जाणत्याला कळतें. फलाटावर ते उतरावयाच्या स्टेशनाप्रमाणें निवडले जातात आणि लांबट लाकडी पाट्यांत भरून गाडीच्या सामानाच्या डब्यांत चढविले जातात. येथें मराठी भाषेनें आमची मोठी सोय करून ठेवली आहे. जेवणाचाहि डबाच आणि आगगाडीचाहि डबाच.

आतां पाहा. पोळीभाजी जेवणाच्या डब्यांत, तो डबा पाटींत, ती पाटी गाडीच्या डब्यांत. प्रत्येक थराला आपापला पत्ता आहे, आणि तो थर वाहणारा मनुष्य तेवढाच पत्ता वाचतो. मोटरमन सिग्नल पाहतो. त्याला पाट्यांशीं कर्तव्य नाहीं. पाटी उचलणारा स्टेशन पाहतो. त्याला मजल्याशीं कर्तव्य नाहीं. मजल्यावर डबा पोंचविणाऱ्याला आंत काय आहे याच्याशीं कर्तव्य नाहीं. गृहिणीनें भेंडीऐवजीं पडवळ दिलें म्हणून पश्चिम रेल्वेचें वेळापत्रक बदलावें लागत नाहीं. उद्यां शंभर नवीं गिऱ्हाइकें आलीं तरी रेल्वेला तें कळविण्याचें कारण नाहीं. हें जें रेल्वेचें अज्ञान आहे, त्याच्याच बळावर हा धंदा शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे.

टपाल खात्यानेंहि हीच युक्ति फार पूर्वींपासून चालविली. पत्रांचा गठ्ठा बांधून त्यावर चिठ्ठी लावीत. गठ्ठे थैलींत भरून थैलीच्या तोंडावर लाखेची मोहोर करीत. आणि एकाच दिशेनें पुढें जाणाऱ्या अनेक थैल्या पुन्हां एका मोठ्या थैलींत कोंडीत. ह्या मोठ्या थैलीला ट्रान्झिट बॅग म्हणतात. मधल्या जंक्शनवरील माणसानें ती नुसती एका गाडींतून दुसऱ्या गाडींत द्यावयाची. तिच्या पोटांत किती थैल्या आहेत आणि त्या कोणाच्या आहेत हें पाहण्याचें त्याला कारण नसे.

ह्या युक्तीचा पल्ला किती होता याचें उदाहरण मुंबईच्याच इतिहासांत आहे. १८७० नंतरच्या काळांत मुंबईहून विलायतेस जाणारें टपाल बोटीनें निघून इजिप्तमार्गें इटलीच्या ब्रिंडिसी बंदरांत उतरे आणि तेथून आगगाडीनें इटली व फ्रान्स हे दोन देश ओलांडून इंग्लंडच्या खाडीशीं पोंचे. वाटेंत आल्प्स पर्वताखालून १८७१ सालीं खुला झालेला माँ सनीचा प्रसिद्ध बोगदा लागे. पण मला म्हणावयाचें आहे तें त्या बोगद्याविषयीं नव्हे. थैल्या बंद असत. इटालियन टपालवाल्यानें त्या उघडावयाच्या नसत, फ्रेंचानेंहि नसत. १८७४ सालीं बर्न येथें झालेल्या करारानें जो टपालसंघ स्थापन झाला त्यानें एका देशाचें टपाल दुसऱ्या देशांतून असें जाऊं देण्याचें तत्त्व मान्य केलें, आणि १८७६ सालीं हिंदुस्थानहि त्या संघांत सामील झाला. म्हणजे मुंबई आणि लंडन यांच्यामध्यें, युरोपच्या भूमीवर आपला एकहि रूळ न टाकतां, परक्यांच्या लोहमार्गांवर एक खासगी टपालमार्ग पसरला होता. जाळ्यावरचें जाळें तें हेंच. वाफ आणि लाख जाऊन तेथें वीज आणि कांचतंतु आले, इतकाच फरक.

आतां इंटरनेटकडे वळूं. आपण पाठविलेलें चित्र किंवा पत्र तारेवरून अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटांत घालतात. सामान्यतः एका पाकिटांत १,५०० बाइट मावतात. रोमन लिपीच्या एका अक्षराला एक बाइट पुरतो; आमच्या देवनागरीच्या एका चिन्हाला बहुधा तीन लागतात, त्यामुळें मराठीचीं पांचशें चिन्हेंहि एका पाकिटांत मावत नाहींत. पाकिटाच्या माथ्यावर निदान २० बाइटांचा मजकूर असतो आणि त्यांत मुख्य गोष्टी दोन: पाठविणाराचा पत्ता आणि घेणाराचा पत्ता. वाटेंतील प्रत्येक नाक्यावरचें यंत्र घेणाराचा पत्ता पाहून पाकीट पुढच्या नाक्याकडे लोटतें.

हा पत्ता आपल्या पिनकोडासारखा असतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनीं आंखलेली पिनकोडाची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झाली. बोरीवली पूर्वेचा क्रमांक ४०००६६. पाटण्याचा सॉर्टर त्यांतले पहिले तीन आंकडे पाहून पत्र मुंबईकडे टाकतो. उरलेले तीन पाहण्याचें काम मुंबईचें. इंटरनेटचा पत्ताहि असाच डावीकडून उजवीकडे वाचीत जातात. ही सोय मोठी आहे, परंतु तिच्यांतच एक अडचण दडलेली आहे. पत्ता जागेशीं बांधलेला असतो. मनुष्य जागेवरून हलला कीं पत्ता खोटा पडतो.

ही अडचण बोरीवलींत आज अनेकांच्या अनुभवाची आहे. जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचें काम गल्लोगल्लीं चालूं आहे, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें दोन-तीन वर्षें दुसरीकडे भाड्यानें राहत आहेत. पत्रें मात्र जुन्याच पत्त्यावर येतात. अशा वेळीं जुन्या जागेजवळचा एखादा शेजारी उपयोगी पडतो. तो आलेलें पत्र न उघडतां दुसऱ्या मोठ्या पाकिटांत घालतो आणि त्यावर नवा पत्ता लिहितो: अमुक, तमुक यांच्या मार्फत. १९९६ सालीं चार्ल्स पर्किन्स यांच्या संपादनाखालीं फिरत्या संगणकांसाठीं जी पद्धति प्रसिद्ध झाली तिच्यांत नेमकें हेंच केलें आहे. घरच्या जागीं एक मुनीम बसवावयाचा. त्यानें आलेलें पाकीट दुसऱ्या पाकिटांत घालून, संगणक सध्यां जेथें असेल तेथें धाडावयाचें. इंग्रजींत त्या तात्पुरत्या पत्त्याचें जें नांव ठरलें त्याचा शब्दशः अर्थ 'मार्फतचा पत्ता' असाच आहे.

त्या पद्धतीचा प्रसार फारसा झाला नाहीं. पण तिच्याच जातीची दुसरी एक पद्धति आज आपल्या प्रत्येकाच्या खिशांत आहे, आणि तिचें नांवहि बहुतेकांनीं ऐकलेलें नाहीं. बोरीवलीहून चर्चगेट सुमारें ३४ किलोमीटर. गाडींत बसलेला तरुण मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत जातो. वाटेंत कांदिवली, मालाड, गोरेगांव करीत मोबाइलचे किती मनोरे मागें पडतात याची गणती तो करीत नाहीं. प्रत्येक मनोरा ही निराळी जागा आहे. जागा बदलली कीं पत्ता बदलावा, पत्ता बदलला कीं चालूं असलेलें संभाषण तुटावें, हा इंटरनेटचा नियम. मग सामना कां तुटत नाहीं?

याचें उत्तर असें. मोबाइल कंपनीच्या मध्यवर्ती ठाण्यांत एक दरवाजा असतो. तरुणाच्या मोबाइलचा पत्ता मनोऱ्याशीं बांधलेला नसतो. तो त्या दरवाजाशीं बांधलेला असतो. सामन्याचें पाकीट जगाच्या कोणत्याहि कोपऱ्यांतून निघो, तें प्रथम त्या दरवाजाशीं येतें. तेथें तें तसेंच्या तसें दुसऱ्या पाकिटांत घालतात. बाहेरच्या पाकिटावर या क्षणीं गाडी ज्या मनोऱ्याच्या छायेंत असेल त्या मनोऱ्याचा पत्ता, आणि त्याशेजारीं बोगद्याचा क्रमांक. मनोरा बाहेरचें पाकीट फाडून टाकतो आणि आंतलें मोबाइलला देतो. गाडी मालाडहून गोरेगांवला आली कीं दरवाजाला एवढेंच कळवावयाचें: बाहेरचा पत्ता बदला. आंतल्या पत्त्याला कोणी हात लावीत नाहीं, म्हणून सामना पाहणाऱ्यालाहि कांहीं कळत नाहीं आणि सामना पाठविणाऱ्यालाहि कांहीं कळत नाहीं. बदल होत असतां जीं चार पाकिटें जुन्या मनोऱ्याकडे येऊन पडलीं असतील, तीं तो मनोरा नव्याकडे एका तात्पुरत्या बोगद्यांतून लोटून देतो. घर सोडतांना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून जावें तसें. ही व्यवस्था गेल्या शतकाच्या अखेरीस ठरली. तिसऱ्या पिढीचा मोबाइल गेला, चौथ्या पिढीचा रुळला, २०२२ च्या ऑक्टोबरांत पांचव्या पिढीचा आपल्या देशांत सुरू झाला. पाकिटांत पाकीट घालण्याची रीति कायम आहे. त्याच गाडीच्या पुढच्या डब्यांत पाटींत जेवणाचे डबे चालले आहेत, आणि मागच्या डब्यांत खिशाखिशांत हे अदृश्य डबे चालले आहेत.

आतां ज्याला विशेषेंकरून आभासी जाळें म्हणतात त्याकडे येऊं. ठाण्याच्या खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या भागांत पूर्वीं कारखाने होते. आज तेथें संगणकांनीं भरलेल्या मोठमोठ्या इमारती आहेत. एकेका इमारतींत हजारों यंत्रें, आणि तीं शेंकडों कंपन्यांनीं भाड्यानें घेतलेलीं. यंत्रें सामाईक, तारा सामाईक. तरीहि प्रत्येक भाडेकऱ्याला वाटलें पाहिजे कीं हें जाळें माझ्या एकट्याचें आहे, आणि एकाचें पाकीट चुकूनहि दुसऱ्याच्या दारीं जातां कामा नये. यांत आणखी एक पेंच आहे. हे सर्व भाडेकरू आपल्या आंतील यंत्रांना एकसारखेच पत्ते देतात. बोरीवलींत ज्याप्रमाणें प्रत्येक सोसायटींत 'ए विंग, खोली ३०२' असतेच, त्याप्रमाणें. सोसायटीच्या आंत तेवढें पुरतें. पण सगळ्या सोसायट्यांचीं पत्रें एकाच पेटींत पडलीं तर ३०२ कोणाची?

जुना उपाय असा होता कीं प्रत्येक पाकिटावर सोसायटीचा क्रमांक घालावा. पण त्या क्रमांकासाठीं बारा द्विमान आंकड्यांचीच जागा सोडलेली होती. त्यांतून वापरण्याजोगे क्रमांक निघतात ४,०९४. एखाद्या शाळेला किंवा कचेरीला ते उदंड झाले. भाड्याच्या महालाला ते पुरेनात. तेव्हां २०१४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत व्ही.एक्स.लॅन नांवाची पद्धति प्रसिद्ध झाली. तिच्यांत भाडेकऱ्याचें सबंध पाकीट, त्याच्या माथ्यावरील पत्त्यासकट, नव्या पाकिटांत घालतात आणि त्या नव्या पाकिटावर चोवीस द्विमान आंकड्यांचा क्रमांक देतात. दोनाचा चोविसावा घात म्हणजे १,६७,७७,२१६. इतक्या सोसायट्या एकाच जागेवर, एकमेकींच्या कानाला पत्ता लागूं न देतां, नांदूं शकतात. इमारतींतील तारांना आणि नाक्यांवरच्या यंत्रांना फक्त बाहेरचें पाकीट दिसतें. भाडेकरू आला, गेला, त्यानें दहाचीं हजार यंत्रें केलीं, तरी तारांना त्याची खबर नसते. वर सांगितलेलें रेल्वेचें अज्ञान तें हेंच, आणि तें येथेंहि तितकेंच लाभाचें आहे. ज्याला थोडें ठाऊक त्याचें थोडें बिघडतें.

पण पाकिटाला वजन असतें. फुकट कांहींच मिळत नाहीं हें गणित शिकविणाऱ्याला तरी सांगावयास नको. व्ही.एक्स.लॅनच्या बाहेरच्या पाकिटाचे बाइट सर्व मिळून ५० होतात. मोबाइलच्या बोगद्याचे निदान ३६. पन्नास बाइट म्हणजे ४०० द्विमान आंकडे. शैक्षणिक व संशोधन संस्थांसाठीं काढलेल्या अर्नेट जाळ्याची दिल्ली-मुंबई ही पहिली भाड्याची तार १९९१ च्या जानेवारींत जोडली गेली, आणि तिचा वेग सेकंदाला ९,६०० आंकडे होता. त्या तारेवर हें नुसतें रिकामें वेष्टन जावयास सेकंदाचा चोविसावा भाग लागला असता, आणि १,५०० बाइटांचें भरलेलें पाकीट जावयास सव्वा सेकंद. तेव्हां असली चैन कोणाला परवडणार होती? कांचतंतूंनीं वेग वाढविला म्हणून पाकिटांत पाकीट घालण्याचा हा थाट शक्य झाला.

वजनापेक्षां आकाराचा घोटाळा वाईट. नाक्यावरची खिडकी १,५०० बाइटांची; आंतलें पाकीटच १,५०० चें असेल तर वेष्टनासकट तें खिडकींतून जाईल कसें? नियम असा आहे कीं नाक्यानें तें परत न पाठवितां पाठविणाराला चिठ्ठी लिहावी: 'पाकीट मोठें झालें, लहान करून पाठवा.' परंतु पुष्कळ ठिकाणीं पहारेकरी अशा चिठ्ठ्या संशयास्पद समजून फेकून देतात. मग पाठविणारा वाट पाहत बसतो आणि घेणाराहि वाट पाहत बसतो. २०२० च्या टाळेबंदींत आमच्या इमारतींतील एक बाई घरून कचेरीचें काम करीत. कचेरीशीं बोगद्यानें जोडणी होती. त्यांचें दोन ओळींचें पत्र बिनचूक जाई. मोठें जोडपत्र लावलें कीं पडद्यावरचें चक्र फिरतच राही. चार दिवस सर्वांनीं तारेला, वायफायला, शेवटीं पावसाला दोष दिला. कचेरींतील एका जाणत्या मुलानें दूरध्वनीवर सांगून १,५०० चा आंकडा १,४०० करविला, आणि जोडपत्रें सुरळीत जाऊं लागलीं. लहान जातें आणि मोठें अडतें, अशी तक्रार ऐकली कीं वेष्टनाच्या जाडीचा संशय प्रथम घ्यावा.

आतांपर्यंत मी युक्तीचें कौतुक केलें. यापुढें जें सांगावयाचें त्यासाठींच मुख्यतः मी हा विषय घेतला. आमच्या वाचनालयांत येणारे कित्येक निवृत्त गृहस्थ मोबाइलवर व्ही.पी.एन. नांवाचें, बहुधा फुकट मिळणारें, साधन उतरवून घेतात आणि मग निर्धास्त होतात. 'आतां आपलें सर्व बोगद्यांतून चाललें आहे, चिंता नाहीं.' येथें दोन निरनिराळ्या वस्तूंची गल्लत होते. पाकीट म्हणजे कुलूप नव्हे. मीं वर सांगितलेल्या बोगद्यांपैकीं एकालाहि स्वतःचें कुलूप नाहीं. व्ही.एक्स.लॅनला नाहीं, मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यामागील बोगद्याला नाहीं, १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या जी.आर.ई. नांवाच्या जुन्या बोगद्यालाहि नाहीं. नाक्यावरचें यंत्र आंत पाहत नाहीं, तें पाहण्याची गरज नसते म्हणून. पाहतां येत नाहीं म्हणून नव्हे. डबेवाला डबा उघडीत नाहीं ही त्याची सचोटी. झांकणाला कडी-कुलूप नसतें. कुलूप हवें असेल तर तें निराळें लावावें लागतें. आय.पी.सेक, वायरगार्ड वगैरे पद्धतींत तें लावलेलें असतें, चांगल्या व्ही.पी.एन.मध्येंहि असतें.

असो. कुलूप आहे असें धरलें, तरी प्रश्न संपत नाहीं. बोगद्याला दोन तोंडें असतात. एक आपल्या हातांत. दुसरें कोणाच्या हातांत? बाहेरचें पाकीट तेथें फुटतें, कुलूप तेथें उघडतें, आणि आंतलें पाकीट तेथून उघड्या रस्त्याला लागतें. स्टेशनावरील फुकट वायफायच्या चालकापासून आपण कोणत्या दुकानीं जातों हें लपलें, हें खरें; पण तें सर्व आतां त्या दुसऱ्या तोंडाशीं बसलेल्या माणसाला दिसतें. रस्त्यावरचा विश्वास आपण काढून घेतला आणि सगळाच्या सगळा एका माणसाच्या पदरांत टाकला. तो माणूस कोण, कोणत्या देशांतला, आपल्याकडून पैसे न घेतां त्याचा चरितार्थ कशावर चालतो, हें विचारावयास नको काय? कचेरीच्या बोगद्याचें दुसरें तोंड कचेरींतच असतें. तेथें प्रश्न नाहीं.

बँकेच्या व्यवहाराला तर याची फारशी गरजहि नसते. बँकेचें पान आपल्या मोबाइलपासून बँकेपर्यंत आधींच कुलूपबंद जातें. सर्वांत आंतल्या डब्यालाच तें कुलूप असतें आणि त्याच्या किल्ल्या आपण आणि बँक या दोघांकडेच असतात. वाटेवरच्याला आपण कोणत्या बँकेकडे गेलों एवढें कळतें. खात्यांतील शिल्लक कळत नाहीं.

सरकारनेंहि ह्या दुसऱ्या तोंडाकडे लक्ष दिलें आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं असा आदेश काढला कीं लोकांना व्ही.पी.एन. विकणाऱ्यांनीं गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते, त्यांना दिलेले इंटरनेटचे पत्ते इत्यादि माहिती निदान पांच वर्षें जपून ठेवावी. कचेऱ्यांच्या अंतर्गत बोगद्यांना त्यांतून वगळलें आहे. कांहीं परदेशी कंपन्यांनीं त्याच वर्षीं आपलीं यंत्रें भारताबाहेर हलविलीं. खासगीपणावर हें आक्रमण आहे असें म्हणणारे आहेत, आणि गुन्हेगार सांपडावयाचे तर नोंद हवीच असें म्हणणारेहि आहेत. मला दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें. परंतु फुकटच्या बोगद्याची नोंद आज कोणाकडे कशी ठेवली जाते हें पाहतां, नोंद नसल्याच्या भरंवशावर तरी कोणी राहूं नये असें मला वाटतें.

शेवटीं एक उलटा बोगदा. परदेशांत बसलेला ठक आपल्याला दूरध्वनि करतो. त्याचा आवाज पाकिटांतून इंटरनेटनें येतो आणि आपल्याच देशांतील एखाद्या भाड्याच्या खोलींत ठेवलेल्या यंत्राशीं पोंचतो. त्या यंत्रांत अनेक सिमकार्डें बसविलेलीं असतात. सिमबॉक्स म्हणतात त्याला. तेथें परदेशी पाकीट फाडतात आणि आवाज साध्या देशी दूरध्वनीच्या वेषांत पुढें सोडतात. आपल्या पडद्यावर दिसतो आपल्याकडचा दहा आंकडी क्रमांक. तो क्रमांक म्हणजे शेवटचें वेष्टन. माणूस कोठें आहे हें त्यावरून समजत नाहीं. याहून सोपा दुसरा प्रकार म्हणजे परदेशांतूनच खोटा भारतीय क्रमांक लावून येणारा दूरध्वनि. तो अडविण्यासाठीं दूरसंचार विभागानें २२ ऑक्टोबर २०२४ रोजीं एक यंत्रणा सुरू केली, आणि पहिल्या चोवीस तासांतच सुमारें १ कोटी ३५ लक्ष असे दूरध्वनि ओळखून अडविल्याचें जाहीर केलें. सिमबॉक्समधून येणारा मात्र त्या चाळणींतून निसटतो, कारण त्याचें शेवटचें वेष्टन खोटें नसतें. खऱ्याच सिमकार्डाचें असतें.

म्हणून, बँकेंतून किंवा पोलीस ठाण्यांतून बोलतों असें सांगणारा कोणी आला, तर त्याला कांहींहि न सांगतां दूरध्वनि खालीं ठेवावा, आणि पासबुकावर छापलेला क्रमांक आपण स्वतः फिरवावा. त्या वेळीं बाहेरचा पत्ता आपण लिहिलेला असतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. तेथें जितक्या लवकर नोंद होईल तितके ते वाटेंतल्या एखाद्या खात्यांत अडकवून ठेवण्याची आशा अधिक असते.